मोंढ्यांतील भाव व राष्ट्राराष्ट्रांतील करार

(जकात, कर व विषमता यांविषयीं शेतकऱ्यांकरितां एक अभ्यासपाठ)

कापसाची पहिली वेचणी आटोपून माल मानवतच्या, सेलूच्या अगर परभणीच्या मोंढ्यांत येऊन पडला, म्हणजे "आज काय भाव फुटला?" हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं असतो. हा भाव कोठें ठरला व कोणीं ठरविला, हा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. अडत्यास दोन शब्द ऐकवून, नाहीं तर नशिबास बोल लावून आपण घराची वाट धरतों. वस्तुतः मोंढ्यांत भाव पुकारला जातो एवढेंच. तो ठरण्याचें पुष्कळसें काम दूरच्या राजधान्यांत, जकातींच्या पत्रकांत व राष्ट्राराष्ट्रांनीं केलेल्या किंवा मोडलेल्या करारांत अगोदरच होऊन गेलेलें असतें.

राष्ट्रांच्या परस्पर सहकार्याचा विषय निघाला कीं, हा मोठ्या लोकांचा विषय, नांगरामागें चालणाऱ्यास त्याचें काय, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत याच्या उलट आहे. ज्याचा माल परदेशीं जातो, किंवा ज्याच्या मालाशीं परदेशचा माल स्पर्धा करतो, त्यास या विषयाची ओळख असणें हें बी-बियाण्याच्या ओळखीइतकेंच अगत्याचें आहे. म्हणून या अंकीं आम्ही हा विषय आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या अनुभवापासून आरंभ करून क्रमाक्रमानें मांडतों.

१. करोडगिरीचा जुना अनुभव

सन १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याची जकात निराळी असे व ती वसूल करणाऱ्या खात्यास करोडगिरी म्हणत. सन १८०२ मध्यें निजाम व इंग्रजांची कंपनी यांच्यांत जो व्यापारी तह झाला, त्यानें या जकातीचा दर शेंकडा ५ ठरविला. एकाच भाषेचे, एकाच नदीचें पाणी पिणारे लोक सरहद्दीच्या दोहों बाजूंस राहत. परंतु एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मालास मध्यें नाक्यावर थांबावें लागे.

जकातीचा मूळ नियम येथेंच ध्यानांत घ्यावा. जो माल सरहद्दीपलीकडे विकावयाचा, त्याच्या भावांतून जकात वजा होते. जो माल पलीकडून आणावयाचा, त्याच्या किंमतींत ती मिळविली जाते. शेतकरी विकतांनाहि देतो व घेतांनाहि देतो. पण या नाण्यास दुसरी बाजू आहे. राज्यास पैसा लागतोच. नाक्यावर मिळाला नाहीं, तर तो जमिनीच्या साऱ्यांतून, नाहीं तर मिठामिरचीवरून काढावा लागतो. म्हणून कर नसावा, हें म्हणणें व्यर्थ होय. कर कोठें घ्यावा, किती घ्यावा व कोणाच्या खांद्यावर त्याचें ओझें पडावें, हाच खरा प्रश्न आहे.

देशांतर्गत नाक्यांचा हा प्रश्न पुढें सहकार्यानेंच सुटला. ता. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हां केंद्र सरकारनें व सर्व राज्यांनीं आपले अनेक निरनिराळे कर सोडून देऊन एका सामाईक परिषदेच्या हातीं दर ठरविण्याचा अधिकार दिला. या परिषदेंत मतांचा एकतृतीयांश भार केंद्राचा व दोनतृतीयांश राज्यांचा असतो, आणि कोणताहि ठराव तीनचतुर्थांश भाराशिवाय मंजूर होत नाहीं. म्हणजे एकट्या केंद्रास आपली इच्छा लादतां येत नाहीं, व केंद्राच्या संमतीवांचून सर्व राज्यांसहि कांहीं करतां येत नाहीं. सन २०२५ च्या सप्टेंबरांत याच परिषदेच्या ठरावानें शेतीच्या ट्रॅक्टरवरील कर शेंकडा १२ वरून ५ वर आला. दूरच्या सभागृहांतील एक ठराव वावरांतील यंत्राची किंमत कशी बदलतो, याचें हें ताजें उदाहरण होय.

देशांत जें साधलें, तें देशादेशांत साधणें फार कठीण. कारण तेथें वर न्यायाधीश नाहीं, पोलीस नाहीं. प्रत्येक राष्ट्र आपल्या घरचें राजे. तरीहि तसे प्रयत्न झाले, व त्यांच्या यशापयशाची झळ आपल्या कापसास प्रत्येक वेळीं लागली.

२. कापसाच्या इतिहासांतील तीन प्रसंग

पहिला प्रसंग सन १८६१ ते १८६५ या काळांतला. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबई बंदरांत कापसाचे भाव अनेक पटींनीं चढले. शेतकऱ्यांनीं पऱ्हाटी वाढविली, कर्जें काढलीं, सावकारांनींहि सढळ हातानें दिलीं. सन १८६५ मध्यें युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि मागें राहिलें तें केवळ कर्ज. परक्याच्या संकटावर उभारलेला भाव टिकत नाहीं, हा त्यांतील बोध.

दुसरा प्रसंग सन १८९६ चा. हिंदुस्थानच्या सरकारास पैशाची गरज होती, म्हणून बाहेरून येणाऱ्या कापडावर जकात बसली. परंतु लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचें समाधान व्हावें म्हणून तितकाच शेंकडा साडेतीनचा कर इकडील गिरण्यांच्या कापडावरहि बसविण्यांत आला. आपला कापूस, आपला मजूर, आपली गिरणी, आणि कर मात्र परक्या कारखानदाराच्या सोयीनें! हा कर सन १९२५ च्या डिसेंबरांत तहकूब झाला व सन १९२६ मध्यें रद्द झाला. ज्याचा कर ठरविण्यांत हात नाहीं, त्याच्या पाठीवर इतरांचें ओझें येऊन पडतें, हें या तीस वर्षांनीं शिकविलें.

तिसरा प्रसंग आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. मनमाडहून जालना, सेलू, परभणी, नांदेड या मार्गानें हैदराबादेकडे जाणारी आगगाडी सन १९०० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हांपासून या भागांतील कापूस दूरच्या बाजाराशीं घट्ट बांधला गेला होता. त्या काळीं हिंदी कापसाचें एक फार मोठें गिऱ्हाईक म्हणजे जपान. सन १९३३ च्या जूनांत हिंदुस्थान सरकारनें गिरण्यांच्या संरक्षणाकरितां ब्रिटिशेतर परदेशी कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली. त्याचा रोख जपानवर होता. जपानी गिरणीवाल्यांनीं उलट हिंदी कापूस घेणेंच बंद केलें. भांडण कापडाचें, पण त्याचा फटका बसला कापूस पिकविणाऱ्यास. अखेर सिमला व दिल्ली येथें बोलणीं होऊन सन १९३४ च्या जानेवारींत तडजोड झाली. जकात शेंकडा ५० वर आली. जपाननें वर्षास दहा लक्ष गांठी हिंदी कापूस घेतल्यास त्याचें साडेबत्तीस कोटी वार कापड येथें येऊं द्यावें, आणि पंधरा लक्ष गांठी घेतल्यास ती मर्यादा चाळीस कोटी वारांपर्यंत वाढवावी, असें ठरलें.

या तडजोडीचें वैशिष्ट्य वाचकांनीं नीट पाहावें. दोन्ही पक्षांनीं तोंडी सलोखा केला नाहीं. किती घेतल्यास किती देऊं, हें आंकड्यांनीं बांधून घेतलें. शेजाऱ्याशीं बांधाचा तंटा मिटवितांना आपण जसे खुणेचे दगड पुरतों, तसेच हे आंकडे. ज्या करारांत दगड पुरलेले नाहींत, तो करार पहिल्याच पावसांत वाहून जातो.

३. जगाची पंचायत व तिचीं बलस्थानें

महायुद्धानंतर सन १९४७ मध्यें जिनीव्हा येथें तेवीस राष्ट्रांनीं जकात व व्यापार यांसंबंधीं एक सर्वसाधारण करार केला. भारत हा त्या तेविसांपैकीं एक होता. त्याचेंच पुढें रूपांतर होऊन ता. १ जानेवारी १९९५ रोजीं जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली व शेती प्रथमच तिच्या पूर्ण नियमांखालीं आली. सरकारांनीं शेतकऱ्यांस द्यावयाच्या साहाय्याचे तेथें निरनिराळे वर्ग पाडले आहेत. संशोधन व शिक्षण यांवरील खर्चास मुभा आहे. परभणी येथें सन १९७२ मध्यें स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठावर होणारा खर्च या वर्गांत येतो. परंतु भावास थेट आधार देणाऱ्या साहाय्यास मर्यादा आहे. आपल्या हमीभावाचा हिशेब करतांना सन १९८६ ते १९८८ या वर्षांच्या जुन्या किंमती आधारास धरतात, आणि हें अन्यायाचें आहे असें भारत त्या संघटनेंत वारंवार सांगत आला आहे.

या पंचायतीचा दुबळ्यांस कांहीं उपयोग होतो काय? याचें उत्तर कापसाच्याच एका खटल्यांत सांपडतें. अमेरिकेचें सरकार आपल्या कापूसवाल्यांस भरघोस द्रव्यसाहाय्य देई. त्यामुळें तेथील माल जगाच्या बाजारांत स्वस्त पडे. सन २००२ मध्यें ब्राझील देशानें याविरुद्ध फिर्याद केली. सन २००४ मध्यें व पुढें अपिलांत सन २००५ मध्यें निकाल ब्राझीलच्या बाजूनें लागला. तथापि अमेरिकेनें आपली पद्धत तत्काळ सोडली नाहीं. अखेर सन २०१४ मध्यें तीस कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेस देऊन तंटा मिटविण्यांत आला. सन २००३ मध्यें बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या आफ्रिकेंतील चार गरीब कापूस-उत्पादक देशांनींहि हीच तक्रार मांडली. पण ब्राझीलप्रमाणें खटला लढण्याचें बळ त्यांच्याजवळ नव्हतें. सन २०१५ च्या नैरोबी येथील परिषदेंत निर्यातीवरील द्रव्यसाहाय्य बंद करण्याचें ठरलें. घरगुती साहाय्याचा मोठा प्रश्न मात्र तसाच राहिला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. नियम असला म्हणजे बलवानासहि उत्तर द्यावें लागतें; परंतु नियमाचा लाभ घेण्यास वकील, हिशेब व चिकाटी लागते. आपल्या तालुक्याच्या कचेरींत जें खरें, तें जिनीव्हांतहि खरें.

४. सन २०२५ चा कापूस व त्याचा हिशेब

आतां अलीकडची गोष्ट घेऊं. सन २०२१ च्या फेब्रुवारीपासून भारतांत येणाऱ्या परदेशी कापसावर सर्व मिळून शेंकडा ११ जकात बसली. पुढच्या वर्षीं कापसाचा भाव क्विंटलास दहा हजारांवर गेला, तेव्हां गिरण्यांच्या मागणीवरून ता. १४ एप्रिल २०२२ पासून त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत जकात माफ झाली. सन २०२५ मध्यें निराळाच प्रसंग आला. अमेरिकेनें ऑगस्टच्या अखेरीस भारतीय मालावरील जास्तीची जकात शेंकडा ५० पर्यंत चढविली. आपल्या तयार कपड्यांचें सर्वांत मोठें परदेशी गिऱ्हाईक तेंच. कपड्यांच्या कारखान्यांस आधार म्हणून आपल्या सरकारनें ता. १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील जकात माफ केली. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत व नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपल्या शेतांत बोंडें फुटावीं, वेचणी चालावी व माल मोंढ्यांत यावा, नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरच्या कापसास दार मोकळें राहिलें.

त्या अमेरिकन जकातीचें पुढें काय झालें वा होईल, हा प्रश्न निराळा. शेतकऱ्यानें समजून घेण्याजोगा भाग हिशेबाचा आहे. एक क्विंटल कापसापासून सुमारें ३४ किलो रुई निघते. बाकीची सरकी व थोडी घट. उदाहरणाकरितां असें धरूं कीं, परदेशी रुई आपल्या बंदरांत किलोस १५० रुपयांस पडते. शेंकडा ११ जकात असतां ती गिरणीस १६६ रुपये ५० पैशांस पडेल. म्हणून तितक्याच प्रतीच्या देशी रुईस गिरणी फार तर त्या किंमतीपर्यंत जाईल. जकात उठली कीं, ही वरची मर्यादा किलोमागें १६ रुपये ५० पैशांनीं खालीं येते. ३४ किलोंस ही रक्कम ५६१ रुपये होते. ज्या कोरडवाहू शेतकऱ्यास पांच एकरांत पंचवीस क्विंटल कापूस झाला, त्याच्या दृष्टीनें ती १४,०२५ रुपये आहे.

ही जास्तींत जास्त मर्यादा होय, प्रत्यक्ष नुकसान नव्हे. देशांतील भाव आधींच या मर्यादेच्या खालीं असला, तर जकात उठल्याचा परिणाम कमी होतो. शिवाय सन २०२५-२६ साठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये होता. ज्याचा माल ओलाव्याच्या व प्रतीच्या अटींत बसून सरकारी खरेदींत गेला, त्यास या तळाचा आधार मिळाला. परंतु ज्यास देणें भागवावयाचें होतें, लग्नकार्य होतें, अगर ज्याचा कापूस परतीच्या पावसांत भिजला होता, त्यास थांबतां आलें नाहीं. म्हणजे एकाच जकातीचा परिणाम बड्या शेतकऱ्यावर एक व लहान शेतकऱ्यावर दुसरा असा होतो. विषमतेचा विषय पुस्तकांतून शोधावा लागत नाहीं; तो आपल्या मोंढ्यांतच उभा आहे.

मग परदेशी कापसावर कायमची उंच जकात मागावी काय? पुष्कळ बंधू तसें म्हणतात. आम्हांस तें सर्वस्वी मान्य नाहीं. आपली गिरणी बुडाली तर आपला कापूस घेणार कोण? आणि आपण भिंत उंच केली म्हणजे पलीकडचाहि करतो, हें सन १९३३ नें दाखविलेंच आहे. आमचें मागणें याहून साधें व पक्कें आहे. जकातींत फेरफार करावयाचा तो पेरणीपूर्वीं जाहीर व्हावा. वेचणीच्या दिवसांत तो अकस्मात् होऊं नये. जूनांत एका भावाच्या भरंवशावर बी टोंचावें, आणि ऑगस्टांत तो भरंवसा काढून घेतला जावा, ही गोष्ट कोणत्याहि करारधर्मास धरून नाहीं.

५. नफा कोठें पिकतो व कोठें दाखविला जातो

जकातीनंतर आतां उत्पन्नावरील कराकडे वळूं. एक काल्पनिक कंपनी घ्या. पिकावर फवारावयाचें औषध ती एका देशांत १०० रुपयांस तयार करते. मग तें ती आपल्याच दुसऱ्या शाखेस १०५ रुपयांस विकते. ही शाखा अशा बेटावर आहे कीं जेथें कर मुळींच नाहीं. बेटावरील शाखा तेंच औषध आपल्या भारतीय शाखेस १९० रुपयांस विकते, व भारतीय शाखा तें शेतकऱ्यास २०० रुपयांस देते. एकूण नफा १०० रुपये झाला. पैकीं कारखान्याच्या देशांत ५, भारतांत १० व बेटावर ८५ रुपये दिसला. औषध त्या बेटावर उतरलेंहि नसेल; तेथें केवळ कागद फिरला. ज्या शेतकऱ्यानें पैसा मोजला, त्याच्या देशास कर मिळाला तो केवळ दहा रुपयांवरचा.

असल्या वाटांपैकीं कांहीं प्रत्यक्ष करारांतूनच निघाल्या होत्या. भारत व मॉरिशस यांच्यांत सन १९८२ मध्यें, एकाच उत्पन्नावर दोनदां कर पडूं नये, या हेतूनें करार झाला. हेतु चांगला, परंतु पुढें पुष्कळांनीं त्या बेटावर नांवापुरती पाटी लावून, भारतांत मिळविलेल्या नफ्यावर कोठेंच कर न देण्याचा मार्ग काढला. सन २०१६ मध्यें हा करार दुरुस्त करावा लागला. कुंपणच शेत खाऊं लागलें, तर कुंपण बदललें पाहिजे.

एकट्या देशास हें काम झेपत नाहीं, म्हणून सन २०२१ च्या ऑक्टोबरांत १३६ राष्ट्रांनीं एक गोष्ट मान्य केली. ज्या कंपनीसमूहाची वार्षिक उलाढाल ७५ कोटी युरोंहून अधिक आहे, तिनें कोठेंहि नफा दाखविला तरी निदान शेंकडा १५ कर तिजवर पडावाच. एका देशानें तो घेतला नाहीं, तर उरलेला भाग दुसऱ्यानें घ्यावा. आमच्या उदाहरणांत बेटावरील ८५ रुपयांवर निदान १२ रुपये ७५ पैसे कोणाच्या तरी तिजोरींत जातील. युरोपांतील व इतर अनेक देशांनीं सन २०२४ पासून हा नियम अमलांत आणिला. परंतु सन २०२५ च्या जूनांत सात धनाढ्य राष्ट्रांनीं अमेरिकन कंपन्यांस त्याच्या कांहीं भागांतून वगळण्याचा समझोता केला. भारतानें परदेशी जाहिरात-कंपन्यांवर सन २०१६ पासून शेंकडा ६ चा जो विशेष कर घेतला होता, तोहि ता. १ एप्रिल २०२५ पासून सोडून दिला.

दुसरीकडे आफ्रिकेंतील राष्ट्रांच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रसंघांत निराळा प्रयत्न चालू झाला. करविषयक नियम धनाढ्य देशांच्या मंडळांत न ठरतां, लहानमोठ्या सर्व राष्ट्रांस एकेक मत असलेल्या सभेंत ठरावे, असें त्यांचें म्हणणें. सन २०२४ च्या डिसेंबरांत या कराराची कार्यकक्षा आमसभेनें मंजूर केली व सन २०२७ मध्यें मसुदा पुढें यावा, असें ठरलें. सन २०२५ च्या फेब्रुवारींत पहिल्याच बैठकींतून अमेरिका उठून गेली. इतर राष्ट्रांनीं काम चालू ठेविलें. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत रिओ येथें वीस राष्ट्रांच्या गटानें अतिश्रीमंत व्यक्तींवर परिणामकारक कर बसावा यासाठीं सहकार्य करूं, असेंहि जाहीर केलें. भारतानें स्वतः मृताच्या मालमत्तेवरील कर सन १९५३ ते १९८५ पर्यंत व संपत्तिकर सन १९५७ पासून सन २०१५ पर्यंत घेऊन पाहिला व सोडला. एक देश असा कर घेतो व शेजारचा घेत नाहीं, तोंवर धन पाण्याप्रमाणें सखल भागाकडे वाहतें, ही यांतील मोठी अडचण आहे.

यांत शेतकऱ्याचें काय? जो कर मोठ्या नफ्यावरून सुटतो, तो तिजोरीस अन्यत्र काढावा लागतो. वस्तूवरील कर गरीब-श्रीमंत पाहत नाहीं. कापूस वेचणारी मजूर बाई साबणाच्या वडीवर जो कर देते, तोच कोट्यधीश देतो. उत्पन्नावरील कर सुटत गेला व वस्तूवरील वाढत गेला, तर ओझें वरून खालीं सरकलें, असेंच समजावें.

६. कालव्याचा दृष्टांत

हा सर्व विषय एका दृष्टांतानें समजतो. पैठणचें जायकवाडी धरण सन १९७६ मध्यें पुरें झालें. त्याचा डावा कालवा जालना जिल्ह्यांतून आपल्या जिल्ह्यांत येतो. आपण शेपटाकडचे लोक. वरच्यानें दार उघडें ठेविलें कीं आपली चारी कोरडी. वरचा मनुष्य दुष्ट असतो असें नव्हे. 'मी नाहीं घेतलें तर दुसरा घेईल' एवढेंच तो म्हणतो. सर्वच असें म्हणूं लागले, म्हणजे कालवा फुटतो व वरच्याचेंहि नुकसान होतें. पाणी पाळीनें, मोजून, व सर्वांस दिसेल असें सुटलें, तरच शेवटच्या शेतास मिळतें. धरणाच्याहि वर नाशिक-नगरचीं धरणें आहेत. त्यांचें व आपलें वांटप कसें व्हावें याकरितां सन २००५ मध्यें राज्यास कायदा करावा लागला, व तो असूनहि टंचाईच्या वर्षीं न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं.

राष्ट्राराष्ट्रांतील कराची स्थिति नेमकी हीच आहे. प्रत्येक देश कंपन्यांस आपल्याकडे ओढण्यासाठीं कर कमी करतो. दुसरा त्याहून कमी करतो. शेवटीं सर्वांच्याच तिजोऱ्या कोरड्या पडतात. पाळी, मोजमाप व उघड हिशेब या तीन गोष्टींवांचून सहकार्य म्हणजे केवळ गोड भाषण. 'गांव करी तें राव न करी' हें खरें. पण गांवानेंहि आधीं पाळी लावली पाहिजे.

७. आपलें स्वतःचें माप

येथपर्यंत वाचून पुष्कळांनीं मान डोलविली असेल. आतां एक कटु गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. दुसऱ्याच्या कराविषयीं न्याय मागणाऱ्यानें आपल्या कराविषयींहि बोललें पाहिजे.

शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकरांतून सूट ही सन १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. संविधानानें शेती-उत्पन्नावरील कराचा अधिकार राज्यांकडे दिला. सन १९७२ मध्यें के. एन. राज समितीनें मोठ्या जमीनधारणेवर श्रेणीवार कर सुचविला. तो कोणीं स्वीकारला नाहीं. मात्र सन १९७३ पासून, ज्यास शेतीखेरीज अन्य करपात्र उत्पन्न आहे, त्याचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्न जमेस धरूं लागले.

लहान शेतकऱ्यास या सुटीनें फारसें कांहीं मिळत नाहीं, कारण त्याचें उत्पन्न करपात्र मर्यादेपर्यंत पोंचतच नाहीं. सन २०१५-१६ च्या कृषि-गणनेप्रमाणें देशांतील शेंकडा ८६ खातीं दोन हेक्टरांच्या आंतलीं आहेत, आणि त्यांच्याकडे एकूण जमिनीच्या निम्म्याहून कमी जमीन आहे. सन २०१९ च्या सरकारी पाहणींत शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळलें. त्यांत पिकांपासूनचे ३,७९८ रुपये, तर मजुरीचे त्याहून अधिक, ४,०६३ रुपये होते. अशा कुटुंबाच्या नांवावर जी सूट टिकून आहे, तिच्या छायेंत कोण कोण येऊन बसतें? शहरांतील धंद्याचा पैसा शेतीचा म्हणून दाखविणारा, मोठ्या फार्महाउसचा मालक, बियाण्याचा व्यापार करणारी मोठी पेढी. बेटावरील पाटी व बांधावरील पाटी यांत आम्हांस तत्त्वतः फरक दिसत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें: लहान व मध्यम शेतकऱ्याची सूट अबाधित राहावी, पावसाच्या भरंवशाचा धंदा पाहतां ती योग्यच आहे, पण फार मोठ्या उत्पन्नानें तिच्या आड लपूं नये. असें आपण स्वतः होऊन म्हटलें, तर उद्यां सर्वच शेतकऱ्यांस सुटीचे लाभार्थी म्हणून हिणविणाऱ्यांचें तोंड बंद होईल. हें न करतां बसलों, तर एके दिवशीं बड्यांच्या निमित्तानें लहानाच्याहि डोक्यावर कर येईल. कित्येक सभासदांस हें मत रुचणार नाहीं, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनीं आपलें उत्तर सकारण लिहून पाठवावें. आम्ही तें आनंदानें छापूं.

८. सारांश व विचारार्थ प्रश्न

जकात ही भिंत आहे. ती किती उंच असावी यापेक्षां ती कोणत्या महिन्यांत हलते, हें शेतकऱ्यास अधिक महत्त्वाचें. करार आंकड्यांनीं बांधलेला असावा. नफा जेथें पिकतो, तेथें कर पडावा. आणि वरच्यानें पाळी पाळावी असें म्हणणाऱ्यानें आपल्या खालच्यास पाणी सोडलें पाहिजे.

गांवोगांवच्या वाचनमंडळांनीं पुढील प्रश्नांवर एक संध्याकाळ घालवावी, अशी आमची विनंती आहे.

(१) आपल्या गांवांत गेल्या हंगामांत कोणीं कोणत्या आठवड्यांत व काय भावानें कापूस विकला, याची यादी करा. थांबूं न शकलेल्यांचें किती नुकसान झालें? तारणकर्जानें किंवा सामाईक साठवणीनें तें टळलें असतें काय?

(२) वरील हिशेबांत रुईचा उतारा ३४ ऐवजीं ३६ किलो धरल्यास जकातीचा परिणाम किती बदलतो? चांगल्या वाणाचा व स्वच्छ वेचणीचा लाभ कोणास मिळतो?

(३) कापसाचा भाव चढला त्या वर्षीं वेचणीची मजुरी किती वाढली, व उतरला त्या वर्षीं किती उतरली?

यांपैकीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना वेचणाऱ्या बायांसहि बैठकीस बोलवावें. त्या उत्तरावांचून आपल्या न्यायाच्या मागणीचा हिशेब पुरा होणार नाहीं.